मंदीत आरव्हीचा डीलर बुडतो तो लॉटवर उभ्या असलेल्या मालामुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकाला ओळखीच्या आरव्ही डीलरने धंद्यात भागीदारी देऊ केली आहे. ते विचारतात, ‘मंदी आली की लोक आधी चैनीच्या वस्तू घेणं थांबवतात, आणि आरव्ही तर घराखालोखाल महाग चैन. मग हे डीलर मंदीत तग कसे धरतात? अशा ठिकाणी पैसे घालावेत का?’

मी 2003 पासून मिडवेस्टमध्ये आरव्ही डीलरांचे हिशेब आणि कर्जव्यवहार सांभाळतो. आधी एकाच डीलरकडे नोकरी केली, आता चार-पाच डीलरांना सल्ला देतो. 2008 ची पडझड मी आतून पाहिली आणि 2022 नंतरची घसरणही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण पैसे घालण्याआधी हे सगळं माहीत असलेलं बरं.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडास-बाथरूमची सोय असलेली गाडी. तिचे ढोबळ प्रकार दोन. मोटरहोमला स्वतःचं इंजिन असतं. टोएबल म्हणजे पिकअपच्या मागे जोडून ओढून न्यायचा ट्रेलर. देशातला बहुतांश माल इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या कारखान्यांत तयार होतो.

हा धंदा किती हेलकावे खातो ते आधी पाहा. कारखान्यांतून डीलरांकडे गेलेल्या युनिटांचा आकडा 2006 मध्ये 3,90,500 होता, 2009 मध्ये 1,65,700 झाला. त्याआधीही असंच घडलं होतं. 1978 मध्ये सुमारे 3,90,000 आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्यानंतर 1980 मध्ये 1,07,200. कोविडच्या काळात लोकांना विमान आणि हॉटेल नको होतं, तेव्हा 2021 मध्ये विक्रमी 6,00,240 युनिट निघाली. दोनच वर्षांत, 2023 मध्ये, तो आकडा 3,13,174 वर आला. म्हणजे जवळजवळ अर्धा.

या आकड्यांत एक गोम आहे आणि बाहेरच्या माणसाची तिथेच फसगत होते. हे आकडे कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या मालाचे आहेत, गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या मालाचे नाहीत. तेजीत डीलर गिऱ्हाइकापेक्षा जास्त माल उचलतो, कारण उद्या मिळेल याची खात्री नसते. मंदी लागली की तो आधीचा माल संपवत बसतो आणि नवी ऑर्डरच देत नाही. म्हणून कारखान्याची घसरण दिसायला भयंकर असते, एल्कहार्टमध्ये 2009 साली बेकारी वीस टक्क्यांच्या घरात पोचली ती त्यामुळेच. डीलरकडची किरकोळ विक्री मात्र तितकी कोसळत नाही. तीस-चाळीस टक्के विक्री घटली म्हणून कुठलाही डीलर लगेच मरत नाही. मी ज्यांना बुडताना पाहिलं त्यांच्याकडे शेवटच्या महिन्यातही गिऱ्हाईक येत होतं. त्यांना बुडवलं ते लॉटवर, म्हणजे विक्रीच्या गाड्या ठेवायच्या आवारात, उभ्या असलेल्या मालाने. माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे, बाकीचं सगळं त्याभोवती फिरतं.

कसं ते सांगतो. डीलरच्या लॉटवर उभी असलेली नवी युनिटं त्याच्या पैशाची नसतात. कारखान्यातून ट्रेलर निघाला की वित्त कंपनी कारखान्याला पूर्ण पैसे देते आणि तो ट्रेलर तारण म्हणून डीलरच्या नावावर चढतो. याला फ्लोअर प्लॅन म्हणतात. युनिट विकलं गेलं की काही दिवसांच्या आत त्याची मुद्दल भरायची, तोवर दर महिन्याला व्याज. सुरुवातीचे काही महिने कारखाना व्याज उचलतो, त्यामुळे तेजीत हे कर्ज फुकटच वाटतं. माल यायचा आणि व्याज सुरू व्हायच्या आत विकला जायचा.

आता हिशेब मांडू. चाळीस हजार डॉलर खरेदीचा एक ट्रेलर धरा. व्याज साडेतीन टक्के असेल तर महिन्याला सुमारे 117 डॉलर पडतात, साडेआठ टक्के झालं की 283. अशी दीडशे युनिटं उभी असतील तर साठ लाखांच्या कर्जावर वर्षाचं व्याज 2,10,000 वरून 5,10,000 डॉलरवर जातं. हे काल्पनिक नाही. प्राइम रेट, म्हणजे बँका आपल्या कर्जांसाठी आधार धरतात तो मूळ दर, मार्च 2022 च्या सुरुवातीला 3.25 टक्के होता, जुलै 2023 अखेर 8.50 झाला, आणि फ्लोअर प्लॅनचे दर अशाच तरत्या दराला बांधलेले असतात. दीडशे युनिटांचं दुकान एखाद्या साध्या वर्षी जेवढं कमावतं, तेवढं नुसत्या वाढीव व्याजात जाऊ शकतं.

व्याजापेक्षा वाईट म्हणजे कर्टेलमेंट. माल ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहिला, समजा वर्षभर, की सावकार, म्हणजे ती वित्त कंपनी, म्हणते, मुद्दलातले दहा टक्के आणून भरा. नंतर काही महिन्यांनी आणखी दहा. ट्रेलर विकला गेलेला नाही, गिऱ्हाइकाचा एक पैसा आलेला नाही, आणि त्या एका युनिटपायी चार हजार रोख बाहेर. एकाच महिन्यात तीस युनिटांची वेळ भरली तर 1,20,000 डॉलर. तेजीत एकदम उचललेला माल एकदमच म्हातारा होतो, हे लोक विसरतात. 2022 च्या वसंतात आलेल्या मालाची कर्टेलमेंट 2023 च्या वसंतात रांगेने दारात उभी राहिली, आणि तेव्हाच सीझनसाठी रोख लागत होती.

त्यात मॉडेल वर्ष. नव्या वर्षाची मॉडेलं आदल्या उन्हाळ्यातच यायला लागतात. ज्या दिवशी नवं मॉडेल शेजारी उभं राहतं त्या दिवशी जुनं, एक मैलही न चाललेलं युनिट गिऱ्हाइकाच्या लेखी ‘मागच्या वर्षीचं’ होतं. 2023 मध्ये याहून अवघड प्रकार झाला. आधीची मॉडेलं कच्च्या मालाच्या टंचाईत चढ्या भावाने घेतलेली होती. कारखान्यांना ऑर्डर मिळेनात, तेव्हा त्यांनी तशीच नवी मॉडेलं थोडं सामान कमी करून स्वस्तात काढली. लॉटवर जुना महाग आणि नवा स्वस्त असे दोन ट्रेलर शेजारी उभे, गिऱ्हाईक कुठला घेणार? खरेदीची किंमत आणि आज बाजारात येणारी किंमत यांतल्या फरकाला आमच्याकडे ‘वॉटर’ म्हणतात. मालात पाणी किती, हे विचारल्याशिवाय कुठल्याही आरव्ही डीलरच्या ताळेबंदावर विश्वास ठेवू नका. ताळेबंदात माल खरेदीच्या किमतीला दिसतो, आणि नफ्यात चाललेला म्हणून दाखवलेला धंदा प्रत्यक्षात कोरडा पडलेला असू शकतो.

म्हणून मंदीतली पहिली कसोटी ही की जुना माल तोट्यात काढायची हिंमत मालकाकडे आहे का, आणि ती किती लवकर येते.

2007 च्या शरद ऋतूत आमच्या मालकांनी, त्यांचं नाव घेत नाही, एका सोमवारी सकाळी मला यादी काढायला सांगितली. दोनशे सत्तर दिवसांपेक्षा जुनी सगळी युनिटं, प्रत्येकापुढे आतापर्यंत भरलेलं व्याज आणि पुढच्या कर्टेलमेंटची तारीख. चाळीसच्या आसपास युनिटं निघाली. त्यांनी यादी हातात घेतली, लॉटवर गेले आणि प्रत्येकाच्या काचेवर स्वतःच्या हाताने नवी किंमत लिहिली. काही किमती खरेदीच्या खाली होत्या. सेल्सवाले अस्वस्थ झाले, कारण कमिशन गेलं. मी स्वतः विरोध केला. वर्षाअखेरीला तोटा दिसेल, सावकार काय म्हणेल, असं माझं म्हणणं होतं. ते म्हणाले, ‘‘तोटा आधीच झालाय. मी फक्त तो लिहितोय.’’ नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत बहुतेक माल गेला. जे उरलं ते लिलावात. पुढच्या वर्षी सप्टेंबरात बाजार बसला तेव्हा आमच्याकडे निम्मा माल होता आणि सगळा चालू वर्षाचा. पलीकडच्या गावातल्या आमच्या स्पर्धकाने तशीच जुनी युनिटं ‘वसंतात भाव येईल’ म्हणून ठेवली. वसंत आला तेव्हा त्याच्याकडे कर्टेलमेंट भरायला रोख नव्हती.

सगळ्यांनाच हे जमत नाही, आणि त्यात फक्त भित्रेपणा नसतो. कारखान्याशी केलेल्या करारात अमुक इतका माल ठेवायचा, अमुक ऑर्डर द्यायची असं लिहिलेलं असतं, आणि ऑर्डर थांबवली तर तो ब्रँड शेजारच्या डीलरला जाईल अशी भीती असते. माझा अनुभव असा की मंदीत हे बोलणं खुलेपणाने केलं तर कारखाने ऐकतात, कारण त्यांनाही बुडणारा डीलर नको असतो. डीलर बुडाला तर ठरावीक मुदतीतला न विकलेला माल सावकाराकडून परत विकत घ्यायची हमी बहुधा कारखान्यानेच दिलेली असते. हे कलम डीलरांना ठाऊक असतं, पण वाटाघाटीत ते आपल्या बाजूचं वजन आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

2008 आणि 2022 यांत एक फरक होता, तो नीट समजून घ्या, कारण पुढची मंदी कुठल्या वाटेने येईल कुणी सांगावं. 2022 नंतर कर्ज मिळत होतं, महाग होतं. 2008 मध्ये दर उतरत होते पण कर्जच मिळेना. फ्लोअर प्लॅन देणाऱ्या काही मोठ्या वित्त कंपन्या हा व्यवहार सोडूनच निघून गेल्या. ज्यांच्या एकाच सावकाराने हात काढून घेतला, ते डीलर धंदा चांगला असूनही अडकले. सरकारच्या स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनला जुलै 2009 मध्ये खास डीलरांच्या फ्लोअर प्लॅनसाठी 5 लाख ते 20 लाख डॉलरच्या कर्जांना हमी देणारी प्रायोगिक योजना आणावी लागली, यावरून टंचाई कळेल. तेव्हापासून मी प्रत्येक डीलरला सांगतो, दोन सावकार ठेवा. दुसऱ्याचा दर पाव टक्का जास्त असला तरी चालेल.

त्याच काळात कारखानेही पडले. मोनॅको कोच आणि फ्लीटवुड या दोन जुन्या कंपन्यांनी मार्च 2009 मध्ये, काही दिवसांच्या अंतराने, दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा वेळी डीलरवर तिहेरी घाव बसतो. वॉरंटीची कामं करून पाठवलेली बिलं अडकतात. माल परत घेण्याची हमी कागदावर राहते. आणि ज्या गिऱ्हाइकाला तुम्ही महिन्यापूर्वी मोटरहोम विकली तो दारात उभा राहून विचारतो, आता दुरुस्ती कोण करणार? आमच्या ओळखीच्या एका डीलरने तेव्हा ठरवलं की आपल्याकडून घेतलेल्या गाड्यांची वर्षभराची छोटी कामं आपण मजुरी न घेता करायची. त्याला ते परवडत नव्हतं. पण ती माणसं आजही दुसऱ्या कुणाकडे जात नाहीत.

मोटरहोमबद्दल एक वाक्य. मंदीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात खोल पडतात त्या मोटरहोम, 2006 मधल्या सुमारे 56 हजारांवरून 2009 मध्ये त्या 13 हजारांवर आल्या होत्या. त्यामुळे महागड्या मोटरहोमवरच उभा असलेला डीलर असेल तर जास्त सावध राहा.

आता वर्कशॉपकडे वळू, कारण तगून राहणारा डीलर तग धरतो तो तिथे. आमच्याकडे एक गुणोत्तर बघतात, ॲब्सॉर्प्शन. सर्व्हिस आणि पार्ट्स यांचा ढोबळ नफा दुकानाच्या कायमच्या खर्चातला किती भाग भागवतो? खर्च म्हणजे जागेचं भाडं, वीज, विमा, ऑफिसचे पगार. महिन्याचा खर्च दोन लाख डॉलर आणि सर्व्हिस-पार्ट्सचा ढोबळ नफा एक लाख वीस हजार असेल तर साठ टक्के. म्हणजे त्या महिन्यात एकही युनिट विकलं नाही तरी खड्डा ऐंशी हजारांचाच. ज्याचं ॲब्सॉर्प्शन पंचवीस टक्के आहे त्याचा खड्डा दीड लाखाचा, आणि तो भरण्यासाठी त्याला कुठल्याही भावाने विकावंच लागतं. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे न सांगता कळतं.

मंदीत वर्कशॉपचं काम कमी होत नाही, बदलतं. नवं घेणं लांबलं की जुनं टिकवावं लागतं, आणि आरव्ही ही वस्तू टिकवल्याशिवाय टिकत नाही. बहुतेक ट्रेलरच्या छपरावर रबरासारखं आवरण असतं, आणि झरोके, पंखे, अँटेना यांच्या कडेने सीलंटची रेघ. उन्हाने, थंडीने ती रेघ तडकते. आमच्याकडे एक म्हातारा टेक्निशियन होता. तो शिडीवर चढून छपराच्या कडेने अंगठा फिरवायचा, न बघता, आणि तडा कुठे आहे ते बोटाला लागायचं. मग खाली उतरून आतल्या कोपऱ्यात फरशीवर टाच दाबायचा. टाच किंचित आत गेली की तो काही बोलायचा नाही, गिऱ्हाइकाला तिथे पाय ठेवायला सांगायचा. पाणी छपरातून शिरून लाकूड कुजलेलं असायचं. बाहेरच्या भिंतीला फुगवटा आला म्हणजे फायबरग्लास आतल्या प्लायपासून सुटलं, आणि तो खर्च मोठा. वेळच्या वेळी नुसतं सीलंट केलं असतं तर काही शे डॉलरांत भागलं असतं. 2009 च्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून छप्पर फुकट तपासायला बोलावलं. ज्यांना काम सांगितलं त्यांतले बरेच जण नंतर नियमित येऊ लागले.

शरद ऋतूत पाइपांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं काम, हिवाळ्यात गाड्या ठेवायचं भाडं, वसंतात बेअरिंग, टायर, गॅसची तपासणी. हे सगळं थोडं थोडं, पण ठरलेलं उत्पन्न. गारपीट आणि अपघाताची विम्याची कामं मला विशेष आवडतात, कारण त्यांचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशावर अवलंबून नसतात. उलट वॉरंटीच्या कामावर फार विसंबू नये. कारखाना ठरवून देतो त्या तासांत ते काम क्वचितच होतं.

आणि म्हणून, मंदीत खर्च कापताना टेक्निशियनला हात लावू नका. हे मी पोटतिडकीने सांगतो. प्लंबिंग, वीज, गॅस, हायड्रॉलिक, सुतारकाम, आणि या सगळ्याचा एकमेकांशी संबंध कळणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. 2009 मध्ये अनेक दुकानांनी सरसकट दहा-वीस टक्के माणसं कमी केली, त्यात ही माणसं गेली. कुणी ट्रक दुरुस्तीत गेलं, कुणी कारखान्यांच्या देखभालीत, आणि बाजार उठला तेव्हा परत आलं नाही. आमच्याकडे त्यांचे तास कमी करून चार दिवसांचा आठवडा केला, मालकांनी स्वतःचा पगार बंद केला, जाहिरात निम्मी केली. तो अंगठ्याने तडा शोधणारा म्हातारा तेव्हा मला म्हणाला होता की घरचा हप्ता भागतोय तोवर मी कुठे जात नाही. आम्ही दर शुक्रवारी त्याच्या पगाराची रक्कम पहिली बाजूला काढत होतो.

विक्रीच्या बाजूला वाचलेले डीलर जुन्या मालाकडे वळतात. जुन्या युनिटवर नफ्याचं प्रमाण बरं असतं आणि घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. त्यातही कन्साइनमेंट, म्हणजे गाडी गिऱ्हाइकाचीच, तुम्ही ती उभी करून विकून द्यायची आणि कमिशन घ्यायचं. व्याज नाही, कर्टेलमेंट नाही, लॉट मात्र भरलेला दिसतो. फक्त विक्री झाल्यावर गाडीवरचं जुनं कर्ज त्याच आठवड्यात फेडायची शिस्त हवी.

ट्रेड-इनमध्ये, म्हणजे जुनी गाडी देऊन नवी घेण्यात, मात्र गुंता होतो. 2021 मध्ये साठ हजारांचा ट्रेलर दहा टक्के भरून वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेला माणूस धरा. सहा टक्के व्याज असेल तर अडीच वर्षांनी त्याच्यावर अजून पन्नास हजारांच्या आसपास कर्ज असतं, कारण सुरुवातीचे हप्ते बहुतांशी व्याजातच जातात. बाजारात ट्रेलरला पस्तीस मिळतात. पंधरा हजारांची दरी. तो नवं घेऊच शकत नाही, त्याची इच्छा कितीही असो. काही डीलर ही दरी नव्या कर्जात मिसळतात आणि गिऱ्हाइकाला आणखी खोल ढकलतात. मी ते करू देत नाही. त्याला सांगावं, ट्रेलर ठेवा, आम्ही तो नीट ठेवून देतो, तीन वर्षांनी या. तो माणूस वर्कशॉपचा गिऱ्हाईक होतो.

कर्जाबरोबर विकलेल्या जादा वॉरंटी आणि विम्यावर डीलरला कमिशन मिळतं, आणि तेजीत नफ्याचा मोठा वाटा तिथून येतो. पण गिऱ्हाइकाने कर्ज लवकर फेडलं, बुडवलं किंवा पॉलिसी रद्द केली तर ते कमिशन परत द्यावं लागतं. याला चार्जबॅक म्हणतात. विक्री आटलेली असताना दोन वर्षांपूर्वीच्या कमिशनची वसुली येते. शहाणे डीलर तेजीतच त्यातला काही भाग वेगळा ठेवतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. वित्त कंपनीचा माणूस दर महिन्याला, न सांगता, लॉटवर येतो. हातात यादी असते. तो प्रत्येक युनिटजवळ जाऊन नंबर तपासतो. एखादं सापडलं नाही की विचारतो, कुठे आहे? ‘विकलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न, कधी, आणि पैसे? विकून पैसे आले आणि सावकाराला भरले नाहीत तर त्याला ‘आउट ऑफ ट्रस्ट’ म्हणतात. रोख संपत आलेल्या डीलरला हा मोह होतोच. या विक्रीचे पैसे या शुक्रवारच्या पगाराला वापरू, पुढच्या विक्रीतून भरू. पुढची विक्री लांबते. मग ट्रेड-इनमध्ये घेतलेल्या गाडीवरचं गिऱ्हाइकाचं जुनं कर्ज फेडायचं राहतं, आणि त्या बिचाऱ्याला, ज्याने सगळे कागद सह्या करून दिले, हप्ता थकल्याची नोटीस येते. मग राज्याकडे भरायचा सेल्स टॅक्स. हे सगळे दुसऱ्यांचे पैसे असतात. इथवर आलेला एकही डीलर मी परत वर येताना पाहिलेला नाही, आणि काहींचं लायसन्स तर गेलंच, पुढे फौजदारी खटलेही झाले. ज्यांच्याबरोबर जेवलो होतो अशी माणसं होती ती, आणि वाईट नव्हती. माझ्या डीलरांकडे म्हणून या पैशांचं खातं वेगळं असतं आणि त्याच्या चेकवर मालकाबरोबर दुसऱ्या एकाची सही लागते.

उलट बाजूही सांगायला हवी. अडचण दिसू लागली की सावकाराला आधी जाऊन सांगणाऱ्याला सवलत मिळते. लॉटवरची दोनशे युनिटं ओढून नेऊन लिलावात विकण्यात सावकाराचंही नुकसान असतं. 2023 मध्ये मी एका डीलरबरोबर गेलो होतो. हातात दर युनिटचं वय, अपेक्षित किंमत, तीन महिन्यांचा रोखीचा अंदाज. आम्ही कर्टेलमेंट दहाऐवजी पाच टक्के मागितली आणि जुन्या युनिटांवर तोटा घेऊन विकायचं वेळापत्रक दिलं. मिळाली. हेच बोलणं पहिला हप्ता चुकल्यावर केलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. अगदी मोठ्या डीलरलाही असंच सावरता येतं. फ्लोरिडातलं लेझीडेज नोव्हेंबर 2009 मध्ये सावकारांशी आधीच बोलणी पक्की करून चॅप्टर 11 मध्ये, म्हणजे धंदा चालू ठेवून कर्जाची फेररचना करायच्या दिवाळखोरीत, गेलं आणि त्यामुळे ते लवकर बाहेर पडू शकलं.

कराचा एक मुद्दा, जो बऱ्याच अकाउंटंटकडूनही निसटतो. 2017 च्या कायद्याने मोठ्या धंद्यांच्या व्याजाच्या वजावटीवर मर्यादा आली. मोटार गाड्यांच्या फ्लोअर प्लॅन व्याजाला त्यातून सूट होती, पण इंजिन नसलेले ट्रेलर त्या व्याख्येत बसत नव्हते. 2025 च्या करकायद्याने ती चूक दुरुस्त केली. तुम्ही ज्या डीलरचे आकडे बघत आहात त्याचे त्याआधीचे करविवरण वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता तुमच्या भागीदारीबद्दल. मी नाही म्हणत नाही. मंदीच्या शेवटाशी, योग्य दुकानात घातलेले पैसे या धंद्यात चांगले फळतात. पण तुम्हाला दाखवलेला नफा-तोट्याचा कागद बाजूला ठेवा आणि चार गोष्टी मागा. फ्लोअर प्लॅनची यादी, प्रत्येक युनिटच्या वयासकट. मागच्या सहा महिन्यांचे सावकाराचे तपासणी अहवाल. ॲब्सॉर्प्शनचा गेल्या तीन वर्षांचा आकडा. आणि जागा कुणाची आहे, भाड्याची असेल तर करार कधी केला. 2021 च्या तेजीत वाढलेल्या भाड्याने दहा वर्षांचा करार केलेली दुकानं मी पाहिली आहेत. माल विकून टाकता येतो, असा करार सहज सुटत नाही.

यादी देताना आढेवेढे घेतले तर तिथेच थांबा. दिली तर ती घेऊन एकट्याने लॉटवर फिरा आणि नंबर जुळवा. वर्षापेक्षा जुन्या युनिटांपुढे आज बाजारात तसं युनिट कितीला जातंय ते लिहा. बेरीज करा. जो फरक येईल तो तुम्हाला सांगितलेल्या भागभांडवलातून वजा करा, आणि मग किंमत बोला.

निघताना सर्व्हिसच्या खिडकीवर साधा गिऱ्हाईक म्हणून विचारा, छप्पर तपासायचंय, कधी वेळ मिळेल. उन्हाळ्यात ‘उद्या या’ म्हणाले तर वर्कशॉपमध्ये एकतर काम नाही किंवा लोकांचा विश्वास नाही. ‘तीन आठवड्यांनी’ म्हणाले तर आत जा आणि टेक्निशियन किती वर्षं तिथे आहेत ते त्यांनाच विचारा.